वडोदऱ्याहून अंदमानला मासे गरवायला: बोट ठरवण्यापासून रीळ धुण्यापर्यंत

वडोदऱ्याच्या माणसाला सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे कावी-कंबोई. जंबुसरच्या पुढे, शहरापासून साधारण पाऊणशे किलोमीटर. स्तंभेश्वराचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा वर येतं, ते बघायला आपण सगळेच कधी ना कधी जाऊन आलोय. पाणी मात्र गढूळ, दुधाळ चहाच्या रंगाचं. लहानपणी मला वाटायचं, समुद्र असाच असतो. मासे गरवणं मी बाबांकडून शिकले, तेही नदीवर. विश्वामित्रीत मगरी, म्हणून ते सिंधरोटला महीच्या काठावर गरी टाकून बसायचे आणि मी शेजारी आमिषाचा डबा सांभाळायचे.

आमचं घर दांडिया बाजारातलं, सीकेपी. ताटात मासा रोजचाच, पण खोल समुद्रातला मासा स्वतः ओढायचा हे वेड चाळिशीनंतर लागलं. अंदमानला पहिल्यांदा गेलो तेव्हा जवळजवळ सगळंच चुकलं. बोट एका एजंटाकडून फोनवर ठरवली, एकही प्रश्न न विचारता. इंजिन एकच होतं, पाच जणांत लाईफ जॅकेटं दोन, आणि मी सकाळी उपाशीपोटी चढलेली. नऊ वाजेपर्यंत मी आणि माझे धाकटे दीर दोघेही ओकून आडवे झालो होतो. दहा वाजता बोट वळवून परत आलो, पैसे पूर्ण गेले. त्यानंतर तीन वेळा जाऊन आले आणि तिन्ही वेळा दिवस चांगला गेला. फरक नशिबाचा नव्हता. खोल समुद्रातला दिवस चांगला जाणार की वाईट, हे बरंचसं घरी बसूनच ठरतं. म्हणून या लेखात घरी करायच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

अंदमानच का

आपल्याला एवढा लांब किनारा असताना बंगालच्या उपसागरापलीकडे कशाला जायचं, असं मला सगळे विचारतात. उत्तर समुद्राच्या तळात आहे. किनाऱ्यापासून तळ आधी हळूहळू उतरत जातो आणि साधारण दोनशे मीटर खोलीनंतर एकदम खाली कोसळतो. या उथळ पायरीला भूखंडमंच म्हणतात. मुंबईसमोर ही पायरी जवळजवळ तीनशे किलोमीटर रुंद आहे आणि आपल्या खंभातच्या आखाताबाहेरही ती अशीच पसरलेली आहे. म्हणजे वेरावळहून किंवा मुंबईहून दिवसभर बोट हाकली तरी खरं खोल पाणी लागत नाही. अंदमानची बेटं ही समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेची शिखरं. तिथे प्रवाळाचा कठडा संपला की थोड्याच अंतरावर तळ शेकडो मीटर खाली जातो. मोठा शिकारी मासा अशाच कड्यावर फिरतो, कारण खालून वर येणारं थंड पाणी लहान माशांना अन्न पुरवतं आणि लहान मासे मोठ्यांना. सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतक्या जवळ हे मिळतं, म्हणून अंदमान.

एक आग्रहाचा सल्ला. आयुष्यात कधीच छोट्या बोटीतून समुद्रात गेला नसाल, तर अंदमानच्या आधी मालवण किंवा गोव्याला अर्ध्या दिवसाची किनाऱ्याजवळची फेरी करा. कोकण रेल्वेने जाणाऱ्या गाड्या वडोदऱ्याहून मिळतात. पोट लाटा सोसतं की नाही, हे चार तासांत आणि थोड्या पैशांत कळतं. अंदमानला जाऊन कळलं तर फार महागात पडतं.

कधी जायचं

डिसेंबर ते एप्रिलचा मध्य. त्यातही फेब्रुवारी आणि मार्चमध्ये समुद्र सगळ्यात शांत असतो. मेच्या मध्यापासून नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू होतो आणि मग बाहेर जाण्यात अर्थ नाही. शिवाय पूर्व किनारा आणि अंदमान-निकोबारसाठी १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै असते. बंदीच्या दिवसांत कोणी “चालतं, आमची टुरिस्ट बोट आहे” म्हणालं, तर परवानगीचा कागद बघायला मागा आणि तो हातात येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.

तिथीही बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी. कावीला पाणी दहा मीटरच्या घरात चढ-उतार करतं, अंदमानला उधाणातही दोन मीटरच्या आसपासच. पण तेवढ्यानेही कड्यावरून प्रवाह जोरात वाहतो आणि कड्यावर दबा धरणारे मासे तेव्हाच भुकेले होतात. ट्रेव्हली या दांडग्या शिकारी माशाच्या मागे जायचं असेल तर उधाणाचे दिवस धरा. नवख्यांनी जिगिंग (जड जिग सरळ खाली सोडून झटके देत वर आणणं) करायचं असेल तर भांगेचे दिवस बरे, कारण जोराच्या प्रवाहात दोरी सरळ खाली जात नाही.

तीन दिवस समुद्रासाठी ठेवा आणि वर एक दिवस मोकळा राखा. वारा फिरला आणि कॅप्टनने “आज नाही” म्हटलं, तर तो मोकळा दिवस कामी येतो. मोकळा दिवस नसला की माणूस हट्ट धरतो, आणि समुद्रावर हट्ट धरू नये.

बोटवाल्याला काय विचारायचं

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सावकाश सांगते. एजंटाशी बोलून थांबू नका. बोट जो चालवणार आहे त्याच्याशी बोला. अंदमानात सगळे हिंदी बोलतात, अडचण येत नाही.

पहिला प्रश्न: इंजिनं किती? उत्तर दोन यायला हवं. किनाऱ्यापासून तीस किलोमीटरवर एकुलतं एक इंजिन बंद पडलं तर तुम्ही वाऱ्याच्या हवाली. दुसरा प्रश्न: व्हीएचएफ रेडिओ आहे का, आणि चालू आहे का? बाहेर मोबाईलला रेंज नसते. संकटात हाक मारायची ती चॅनेल १६ वर. रेंजमध्ये असाल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. तो मी घरच्यांनाही लिहून देते, सोबत बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि परतायची वेळ. तिसरा प्रश्न: मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना आणि प्रवासी नेण्याची परवानगी आहे का, आणि किती माणसांची? चार-पाच जणांपेक्षा जास्त माणसं गळ टाकणार असतील तर दोऱ्या एकमेकांत अडकतात, म्हणून लहान मंडळी बरी.

लाईफ जॅकेटचं वेगळं बोलते. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोट क्षमतेपेक्षा जास्त भरलेली होती आणि बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. तो तलाव शहरातला होता, काठ डोळ्यांसमोर होता. तेव्हापासून मी बोटीचे फोटो मागवते तेव्हा जॅकेटांचे वेगळे मागवते: किती आहेत, कोणत्या मापाची आहेत, बकल शाबूत आहेत का. जेटीवर पोचले की प्रत्येकाच्या अंगावर घालून, पट्टे आवळून, दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघते. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते माप तुमचं नाही. पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जाईल.

मग पैशाचं. भाव पूर्ण बोटीचा आहे की माणशी, हे आधी स्पष्ट करा. तास कधीपासून मोजणार, जेटी सोडल्यापासून की पहिला गळ पाण्यात गेल्यापासून? डिझेल, बर्फ, जेवण, रॉड-रीळ हे सगळं आत धरलेलं आहे का? मासा कृत्रिम आमिष तोडून घेऊन गेला तर त्याचे पैसे कोण देणार? एकेक चांगलं आमिष हजाराच्या पुढे जातं आणि वाद तिथेच होतो. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पूर्ण परतावा की पुढची तारीख? हे सगळं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. प्रश्न विचारल्यावर जो माणूस चिडतो, त्याची बोट घेऊ नका. चांगला कॅप्टन उलट तुम्हालाच विचारतो: आधी केलंय का, कोणाला बोट लागते, मासा सोडणार की ठेवणार. मला जो कॅप्टन मिळाला, त्याने पहिल्याच फोनवर हे तिन्ही विचारलं होतं. मी त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरली.

शरीर, गोळी, कपडे

पंधरा किलोची ट्रेव्हली लागली तर ती हाताने ओढता येत नाही. ओढावी लागते ती मांड्यांनी आणि कमरेने. निदान महिनाभर आधी बैठका सुरू करा. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात राहून बैठका कशा काढायच्या हे कोणी शिकवायची गरज नाही. रोज तीस, मग पन्नास. सोबत मनगटासाठी टेनिस बॉल दाबा. पोहता येत नसेल तर पालिकेच्या स्विमिंग पूलवर निदान जॅकेट घालून तरंगायचा सराव करा. पाण्यात पडल्यावर घाबरगुंडी उडू नये, एवढ्यासाठीच. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही तपासून घ्या.

बोट लागण्यावर मी सगळे उपाय करून बघितले आहेत. आदल्या रात्री एक गोळी आणि निघण्याआधी तासभर एक, असं माझं चालतं. मेक्लिझिन किंवा प्रोमेथाझिन असलेल्या गोळ्या मिळतात, पण डॉक्टरांना विचारूनच घ्या. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नको. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून एकदा घरीच सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा. उलटी सुरू झाल्यावर गोळी घेतली तर ती पोटात टिकतच नाही. रात्री जेवण हलकं, दारू नाही, झोप पुरेशी. सकाळी पोट रिकामं ठेवू नका आणि तेलकटही खाऊ नका. सेव-उसळ परत आल्यावर. मी दोन टोस्ट आणि केळं खाते, खिशात आल्याच्या वड्या ठेवते. बोटीवर मधोमध किंवा मागच्या बाजूला उभे राहा, तिथे हेलकावे कमी लागतात. डिझेलच्या धुरापासून दूर राहा, मोबाईलमध्ये डोकं घालू नका आणि नजर क्षितिजावर ठेवा. आत केबिनमध्ये जाऊन पडलात की संपलं. आणि उलटी आलीच तर वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूच्या कठड्यावर जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, बऱ्याच जणांना ओकून झाल्यावर बरं वाटतं.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पातळ, लवकर सुकणारे. मानेला बफ (गळ्यात चढवायची कापडी नळी), टोपीला हनुवटीखाली दोरी, पायात पकड घेणारे आणि बोटं झाकणारे बूट. पोलराइज्ड गॉगल हवाच. पाण्यावरची चकाकी कमी होते हा एक फायदा, पण खरा उपयोग डोळ्यांच्या रक्षणाचा. तोंडातून सुटलेलं आमिष गळासकट उलट येतं तेव्हा ते गोफणीच्या दगडासारखं येतं. माणशी चार लिटर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं.

प्रवास

वडोदऱ्याहून थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली किंवा बंगळुरूमार्गे चेन्नई वा कोलकाता गाठायचं आणि तिथून वीर सावरकर विमानतळ. चेन्नईहून सव्वादोन तास. वेळ असेल तर नवजीवन एक्स्प्रेसने चेन्नईपर्यंत जाता येतं. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं आहे, तिकिटावर आणि पाट्यांवर दोन्ही दिसतात. गळ, शिशाच्या जिग आणि पक्कड चेक-इनच्या बॅगेत घाला, हातातल्या सामानात अडवतात. पॉवर बँक मात्र हातातच. बोटीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, कारण तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये साडेपाचच्या सुमारास उजाडतं, आपल्याकडच्यापेक्षा सव्वा तास आधी. तिथले लोक पहाटे चारला उठतात.

पहाटे जेटीवर

हवेचा शेवटचा निर्णय इथे होतो. आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या ‘इनकॉइस’ संस्थेचा समुद्राचा अंदाज बघा. लाटांची उंची आणि वारा दोन्ही दिलेलं असतं. लाट एक मीटरपर्यंत आणि वारा दहा नॉटच्या आत, म्हणजे ताशी अठरा-एकोणीस किलोमीटर, तर नवख्यांसाठी उत्तम दिवस. लाट दीड मीटरच्या पुढे आणि वारा पंधरा नॉटच्या वर असेल तर मी जात नाही. कॅप्टन तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. तो नको म्हणाला तर नको. तो हो म्हणाला आणि तुमचं मन नाही म्हणतंय, तरीही नको.

चढल्यावर चार गोष्टी विचारून डोळ्यांनी बघा: अग्निशामक कुठे, प्रथमोपचाराची पेटी कुठे, इंजिन कसं बंद करायचं, रेडिओचं बटण कोणतं. कॅप्टनच पाण्यात पडला तर हे तुम्हाला यायला हवं. ओळखपत्र मूळ प्रतीसह, पाणी न शिरणाऱ्या पाकिटात ठेवा.

तीन पद्धती

ट्रोलिंग म्हणजे बोट सहा ते आठ नॉटने चालवत मागे आमिषं ओढत न्यायची. कष्ट कमी, आणि सुरमई, वाहू, डोराडो, टुना, कधी सेलफिश मिळतो. टुना म्हणजे कोकणातला कुपा. नवख्यांनी सकाळची सुरुवात इथूनच करावी. बोट चालत असते म्हणून पोटही शांत राहतं.

जिगिंग म्हणजे दीडशे ते चारशे ग्रॅमची शिशाची जिग ऐंशी-शंभर मीटर खाली सोडायची आणि झटके देत वर आणायची. तांबोशी, हेकरू, नशीब असेल तर डॉगटूथ टुना. बोट इंजिन बंद करून डुलत असते, म्हणून लागणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास इथे होतो.

पॉपिंग म्हणजे पृष्ठभागावर फेसाळत जाणारं मोठं आमिष फेकून पुन्हा पुन्हा ओढायचं. जायंट ट्रेव्हलीसाठी अंदमान प्रसिद्ध आहे ते यामुळे. या जातीचा जागतिक विक्रम ७२ किलोच्या पुढचा आहे. पण एका सकाळी शंभर-दीडशे वेळा जड रॉड फेकावा लागतो, आणि फेकताना मागे माणूस आहे की नाही हे प्रत्येक वेळी बघावं लागतं. पहिल्या दिवशी पॉपिंगच्या मागे लागू नका.

रॉड-रीळ पहिल्यांदा विकत घेऊ नका, बोटीवरचंच वापरा. फक्त रीळ हातात घेऊन ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, दोरी ओढून बघा. दोरी अडखळत सुटत असेल तर दुसरं रीळ मागा.

ड्रॅग, आणि मासा लागल्यावर

मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढू लागला की रीळ आपोआप दोरी सोडतं, त्यामुळे दोरी तुटत नाही. नियम असा की ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ठेवायचा. ऐंशी पौंडांची, म्हणजे छत्तीस किलोची दोरी असेल तर नऊ ते बारा किलो. ऐकायला सोपं वाटतं, पण बारा किलो ओढ म्हणजे काय हे हाताला ठाऊक नसतं. मी आमच्या वाड्याच्या चौकात शिकले. भाजीवाल्याकडे असतो तसला आकड्याचा वजनकाटा खांबाला बांधला, दोरीचं टोक काट्याला अडकवलं, दहा पावलं मागे गेले आणि रॉड कमरेला टेकवून मागे झुकले. काटा पाच किलोवर गेला तेव्हाच पायाखालची फरशी निसटते आहे असं वाटलं. सात किलोला दंड थरथरायला लागले. तेव्हा समजलं की नवख्याने सात-आठच्या पुढे जाऊ नये. दोरी बारा सोसेल, माणूस नाही सोसणार. रॉड अगदी उभा धरून हा प्रयोग करू नका, मोडतो. आडवा आणि खालच्या कोनात ठेवा.

समुद्रावर पहिला मोठा मासा लागला तेव्हा रिळाचा आवाज आधी आला. शिलाई मशीन भरधाव सोडल्यासारखी अखंड किरकिर, आणि दोरी पाण्यात शिरते तिथे बारीक तुषार उडत होते. मी घाबरून रीळ फिरवायला लागले. मागून कॅप्टन ओरडला, “दीदी, घुमाना मत! जाने दो उसको.” ही सगळ्यात मोठी शिकवण. मासा दोरी नेत असताना स्पिनिंग रीळ फिरवलं तर दोरी आत येत नाही, तिला फक्त पीळ बसतो. तो पळतो तेव्हा नुसतं धरून राहा आणि पाय रोवा. थांबला की रॉड सावकाश वर उचला, मग रॉड खाली नेता नेता रीळ फिरवा. उचला, फिरवा, उचला, फिरवा. दोरी क्षणभरही ढिली पडू देऊ नका. रॉड डोक्याच्या मागे नेऊ नका. रॉडचं बूड पोटात रुतू नये म्हणून कमरेला फायटिंग बेल्ट बांधलेला असला पाहिजे. दमलात तर दुसऱ्याच्या हातात द्या, पण “देतेय” असं मोठ्याने सांगून.

सर्कल हुक असेल तर झटका देऊ नका. वाकड्या चोचीचा हा गळ मासा वळला की आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, झटका दिला तर तोंडातून निसटतो. ताणलेल्या दोरीला बोट लावू नका, हाताला दोरी गुंडाळू नका. मासा बोटीजवळ आला की बाजूला व्हा. शेवटची वीतभर दोरी धरायचं काम खलाशाचं. बाराकुडा आणि वाहूचे दात, ट्रेव्हलीच्या शेपटीजवळचे करवती खवले, हेकरूच्या पाठीचे काटे, यांना अनोळखी हात लावायचा नाही. गळ बोटात काट्यासकट रुतला तर उपसू नका. दोरी कापा, वर पट्टी बांधा आणि किनाऱ्यावर डॉक्टरकडे जा.

ठेवायचा की सोडायचा

आमच्याकडे ठरलेलं आहे: रात्री जेवणाला लागेल तेवढा ठेवायचा, एक किंवा फार तर दोन. बाकी सगळे सोडायचे. सेलफिश आणि मोठी ट्रेव्हली तर नेहमीच सोडायची. सोडायचा मासा शक्यतो पाण्यातच ठेवा. फोटोसाठी वर घ्यायचाच तर हात ओले करून, एक हात पोटाखाली, एक शेपटीशी. फडक्याने धरू नका, अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग जखमा चिघळतात. मी श्वास रोखून धरते, मला सोडावा लागला की मासा पाण्यात. दमलेला असेल तर तोंड प्रवाहाकडे करून धरा, पाणी कल्ल्यांतून जाऊ द्या. शेपटी हलवून तो स्वतः निघेल.

खोलातून आलेल्या तांबोशी-हेकरूचं वेगळं आहे. शंभर मीटरवरून झपकन वर आणलं की पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून बाहेर पडतं. असा मासा नुसता पाण्यात टाकला तर तरंगत मरतो. वजन लावून त्याला परत खोल सोडण्याचं साधन काही बोटींवर असतं, ते आहे का विचारा. नसेल तर खाण्यापुरते मिळाले की जिगिंग थांबवा.

ठेवायचा मासा लगेच मारा, कल्ल्यामागे कापून रक्त वाहू द्या आणि बर्फ व समुद्राच्या पाण्याच्या काल्यात पूर्ण बुडवा. टुना, सुरमई, डोराडो यांत हे फार महत्त्वाचं. हे मासे उन्हात राहिले तर अंगात हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, धडधडतं, पुरळ उठतं. मोठा बाराकुडा आणि प्रवाळावरचे फार मोठे हेकरू मी खात नाही. प्रवाळावरच्या सूक्ष्म शैवालाचं विष लहान माशांतून त्यांच्यात साठत जातं. चवीला, वासाला काही कळत नाही आणि ते शिजवूनही जात नाही. आठ-दहा किलोची सुरमई मिळाली तर उतरलो तिथल्या स्वयंपाकघरात तिचं तिखलं करतो, आमसुलं मी घरून नेते.

कायद्याचं

व्हेल शार्क, करवत मासा, महाकाय हेकरू आणि सगळे समुद्रघोडे यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. चुकून गळाला लागले तर दोरी कापून सोडायचं. गुजराती कोळ्यांनी हे करून दाखवलं आहे. २००१ मध्ये व्हेल शार्कला संरक्षण मिळालं, २००४ मध्ये मोरारी बापूंनी तिला माहेरी येणारी लेक म्हटलं, ‘वहाली’, आणि तेव्हापासून वेरावळकडचे कोळी स्वतःची जाळी कापून तिला सोडतात. पोटावर पाय देऊन त्यांनी हे केलं, आपण तर हौसेला जातो. प्रवाळ आणि शिंपले उचलून आणू नका, विमानतळावर सामान तपासतात. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि आदिवासींची राखीव बेटं यांच्या जवळ गळ टाकायचा नाही. उत्तर सेंटिनेलच्या भोवती पाच सागरी मैलांत तर जायचंच नाही.

परतल्यावर

जेटीवर उतरलात की खलाशाला बक्षीस त्याच्या हातात द्या, एजंटाकडे नको. रात्री खोलीवर गळ, जिग आणि पक्कड गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. स्वतःचं रीळ असेल तर ड्रॅग घट्ट करून वरून हलक्या धारेने धुवा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. नळाचा जोराचा फवारा मारू नका, तो मीठ आत ढकलतो. मग पुसा, सावलीत वाळवा आणि ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. घट्ट राहिला तर आतल्या चकत्या चपट्या होतात आणि पुढच्या वर्षी दोरी अडखळते. वडोदऱ्याला आल्यावर मी पुन्हा एकदा आजव्याच्या पाण्याने सगळं धुते. दोरीची वरची शंभर मीटर बादलीत सोडून बोटांनी चाचपते. जिथे खरखरीत लागेल तिथपर्यंत कापून टाकते.